विभागवार छोटे गट, आधारगट आणि ‘प्रार्थना विनंती’च्या नावाखाली फिरणाऱ्या बातम्या

बाराची_लोकल

सलाम मंडळी, आणि मंडळीबाहेरच्या वाचकांना नमस्कार.

आमचं चर्च भायखळ्याच्या अंगाला. मराठी उपासना, बहुतेक घरांची मुळं नगर, जालना, सोलापूरकडची. आता चर्चपासून चालत जाता येईल अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. चाळी पाडल्या, पोरांची लग्नं झाली, भाडी झेपेनाशी झाली. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी बदलापूरला, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी खारघरला. रविवारी मेगाब्लॉक असला की बाकं ओस पडतात, आणि सोमवार ते शनिवार आमची मंडळी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर एकाखाली एक ‘आमेन’.

कमिटीने ठरवलंय की ईस्टरनंतर विभागवार छोटे गट सुरू करायचे. आठ-दहा घरं, आठवड्यातून एक संध्याकाळ. ठाण्यापुढच्या लोकांचा गट माझ्या गळ्यात पडलाय.

अडचण अशी की हा प्रयोग पूर्वी एकदा झाला आणि बंद पडला. वार्षिक अहवालात कारण लिहिलंय ‘वेळेअभावी’. खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. एका मावशींनी गटात मुलीच्या सासरच्या त्रासाबद्दल प्रार्थना मागितली. रविवारी उपासना सुटल्यावर चहाच्या टेबलापाशी लोक त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून सांगू लागले, ‘आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं.’ मुलीला काही कल्पनाच नव्हती. ते घर आता दुसऱ्या चर्चला जातं.

तर ज्यांनी असे गट चालवलेत त्यांना विचारतो: लोकांनी मन मोकळं करावं आणि ते बाहेर जाऊ नये, हे जमवता कसं? शिवाय काही घरांत दारू आहे, दोघी नुकत्याच विधवा झाल्यात, एक मुलगा कॉलेज सोडून घरात बसून आहे. या सगळ्यांनाही हाच गट पुरेल का?

---

सलाम_काका

बाळा, यात नवं काहीच नाही, फक्त नाव बदललंय. आम्ही याला कॉटेज प्रेअर म्हणायचो. बुधवारी एकाकडे, पुढच्या बुधवारी दुसऱ्याकडे. एक पेटी, एक डफ, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या दोन-तीन प्रती, चपलांचा ढीग गॅलरीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं शेजारचे हिंदू लोकही दारात उभे राहून म्हणायचे.

पहिल्या शतकात चर्चची इमारत होती कुठे? रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौल सलाम पाठवतो. याच टिळकांनीही १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा समूह मांडला तो चर्चच्या चौकटीबाहेर. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती.

आमची कॉटेज प्रेअर गप्पांनी मोडली नाही. ती पोह्यांनी मोडली! पहिल्या घरी चहा-बिस्किट. दुसऱ्या घरी पोहे. तिसरीने इडली केली, चौथीने बिर्याणी. मग ज्यांच्याकडे महिनाअखेर ओढाताण, त्यांनी ‘या वेळी आमच्याकडे नको, पाहुणे आहेत’ म्हणायला सुरुवात केली. शेवटी चार खात्यापित्या घरांतच गट फिरायला लागला आणि बाकीचे गळाले. पहिल्याच दिवशी सांगून टाका, चहा आणि बिस्किट, त्यापुढे काही नाही. गृहिणी रागावतील. रागावू द्या.

---

वेसलीचा_नातू

काकांना +१.

आमच्या मेथडिस्ट मंडळीची सुरुवातच छोट्या गटातून झाली, आणि ती प्रार्थनेसाठी नव्हे, कर्ज फेडण्यासाठी! १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज अंगावर होतं. कोणीतरी सुचवलं, दर माणसाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करावेत, आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने घरोघरी जाऊन ती गोळा करावी. जो देऊ शकत नाही त्याची पेनी पुढाऱ्याने स्वतः भरावी. पुढारी दारोदार जायला लागले तेव्हा कळलं की कुठल्या घरात नवरा पिऊन पडलाय आणि कुठल्या घरात चूल पेटलेली नाही. मेथडिस्ट पंथाचा जनक जॉन वेस्लीच्या लक्षात आलं की पैशापेक्षा ही भेटच मोलाची आहे. तिथून ‘क्लास मीटिंग’ आली.

मुंबईतही तेच झालं. मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर १८७१च्या अखेरीस इथे आला आणि १८७२मध्ये इथली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली ती घराघरांत भरणाऱ्या गटांमधून. गटांचे पुढारी पाळक (चर्चचे धर्मगुरू) नव्हते, नोकरीधंदा करणारी माणसं होती. (मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांत, हे खरं.) त्यांना येऊन मिळाला जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन माणूस १८४८ साली मुंबईत आला, मिशनचा पगार सोडून फकिरासारखा राहिला आणि १८८८ साली इथेच वारला. मायदेशी एकदाही परत गेला नाही. अवांतर झालं, पण बोवेनबद्दल बोलायला लागलं की मला थांबता येत नाही.

सांगायचं ते असं. गटाला हाताने करायचं काहीतरी काम द्या. नुसतं ‘मन मोकळं करा’ म्हटलं की दोन बडबडे बोलतात आणि बाकीचे घड्याळ बघतात. कोणाच्या रेशनकार्डाचं काम, कोणाला केईएमला सोबत, कोणाच्या पोराची फी. काम असलं की बोलणं आपोआप येतं.

---

दिंडीवाला

मी ख्रिस्ती नाही, कुतूहल म्हणून विचारतो. हे आमच्या भजनी मंडळासारखंच झालं ना? आमच्या सोसायटीत दर एकादशीला भजन असतं. फरक इतकाच दिसतो की आमच्याकडे कोणी आपल्या घरातलं दुखणं चारचौघांत मांडत नाही. मांडायचंच असेल तर विठ्ठलापुढे मनातल्या मनात. तुमच्याकडे मोठ्याने का सांगायचं?

---

सलाम_काका

दिंडीवाले, छान विचारलंत. आमच्यात ‘साक्ष’ देण्याची रीत आहे. देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. याकोबाच्या पत्रात तर एकमेकांजवळ पापं कबूल करा असंही लिहिलंय. पण खरं सांगू का, आमच्यातही लोक साक्ष देतात ती संकट टळल्यावर. संकट चालू असताना उभं राहणारा विरळा. ‘प्रभूने माझी दारू सोडवली’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. ‘कालही प्यालो’ म्हणणारा आमच्या बुधवारात कधी ऐकला नाही.

---

गावठाण

आम्ही कॅथलिक, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती, उपनगरातल्या एका गावठाणातले. आमच्याकडे हे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या पातळीवर पद्धतशीर चालतं. मुंबई महाधर्मप्रांतात १९८०च्या दशकापासून छोटे ख्रिस्ती समूह उभे राहिले, बिशप बॉस्को पेन्हा यांनी त्यासाठी पुष्कळ खस्ता खाल्ल्या. पॅरिशचे भाग पाडतात, प्रत्येक भागाला गट चालवणारे अ‍ॅनिमेटर असतात. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी किंवा बिल्डिंगच्या गच्चीवर शुभवर्तमान वाचायचं.

पद्धत बहुतेक ठिकाणी दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची, सात पायऱ्यांची. प्रभूला बोलावणं, उतारा वाचणं, मनाला लागलेला शब्द मोठ्याने म्हणणं, गप्प बसणं, मग मनातलं सांगणं, मग गटाने काय करायचं ते ठरवणं, शेवटी प्रार्थना. वेसलीचा_नातू म्हणतात ते काम सहाव्या पायरीला येतं. आणि गंमत म्हणजे तीच पायरी सगळ्यात आधी गळते. नऊ वाजलेले असतात, मालिका सुरू झालेली असते.

आमच्या म्हाताऱ्यांना मात्र हे सगळं नव्याने शिकवावं लागलं नाही. गावठाणात क्रूस आहे. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईच्या गावठाणांत असे पुष्कळ क्रूस उभे राहिले. मे महिन्यात संध्याकाळी सगळी आळी क्रुसापाशी जमून माळेची प्रार्थना म्हणते, लादेन्य (संतांना आळवणारी प्रार्थना) होतं, उकडलेले चणे वाटतात. कोण आलं नाही ते लगेच कळतं आणि चणे घेऊन कोणीतरी त्याच्या घरी जातं. चौकशीला एवढं निमित्त पुरतं.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडे कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली आहे. तिथे फादरला जे सांगितलं ते फादरच्या पोटात राहतं, जीव गेला तरी तो बोलणार नाही. छोट्या समूहाला तसं कुलूप नाही आणि येणारही नाही. म्हणून आमचे अ‍ॅनिमेटर आधीच बजावतात की स्वतःचं बोला, घरातल्या दुसऱ्याचं बोलू नका. तुमच्या मावशींनी मुलीचं दुःख सांगितलं. ते सांगायचा हक्क मुलीचा होता. मावशी फार तर एवढं म्हणू शकल्या असत्या की ‘मला झोप लागत नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा.’

---

बाराची_लोकल

गावठाण, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळा दोष ऐकणाऱ्यांना देत बसलो.

---

तिसरी_पायरी

नाव विचारू नका. आमच्या गटाचा तोच नियम आहे.

मी एएचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा सभासद. मध्य मुंबईतल्या एका पॅरिश शाळेच्या वर्गात आमची मीटिंग भरते. लोक समजतात ही चर्चची मीटिंग. तसं नाही. १९३५ साली अमेरिकेत एए सुरू झालं तेव्हा त्याची मुळं एका ख्रिस्ती चळवळीत होती हे खरं, पण आता ते कुठल्याही धर्माशी बांधलेलं नाही. बाकावर माझ्या एका बाजूला गिरणगावातला निवृत्त कामगार असतो आणि दुसऱ्या बाजूला बँकेतला साहेब. खर्च आम्ही आपसांत टोपी फिरवून भागवतो, बाहेरची देणगी घेत नाही.

बाराची_लोकल, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही, पुरणार नाही.

मी आधी आमच्या चर्चच्या गटात जात होतो. तिथे माझी बायको होती, साडू होता, मुलाचा संडे स्कूलचा शिक्षक होता. काय बोलणार मी? ‘ऑफिसात ताण आहे, प्रार्थना करा.’ अशी वर्षं गेली. जिथे मला कोणी ओळखत नव्हतं तिथे पहिल्याच संध्याकाळी तोंड उघडलं, कारण समोरच्यांनी माझ्याआधी तेच केलं होतं आणि त्यांतला एकही मला उद्या मासळीबाजारात भेटणार नव्हता.

माझं मत सरळ आहे. संगतीचा गट घराजवळ पाहिजे, आधाराचा गट घरापासून लांब. संगतीत वेगवेगळी माणसं लागतात, म्हातारी, पोरं, नवी लग्नं झालेली. आधाराला मात्र तेच दुखणं भोगलेली लागतात. दोन्हींची खिचडी केली की संगतीवाले कंटाळतात आणि दुखणाईत उघडा पडतो. डोंबिवलीच्या माणसाला डोंबिवलीतल्या व्यसनमुक्ती गटात पाठवू नका. दादरला पाठवा. तिकीट काढून येईल, पण येईल.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे, तिकडे बायकोला पाठवा. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरांनी १९८१ साली व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं, तेही ठाऊक असू द्या. आणि एक. जो पितो त्याला गटाने ‘विश्वास कमी पडतोय’ असं म्हणू नये. मला ते म्हणाले होते. त्या रात्री मी जास्त प्यालो.

---

दिंडीवाला

तिसरी_पायरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या मंडळातल्या एकाला दाखवतोय, नाव न सांगता.

---

नर्सबाई

सरकारी रुग्णालयात आहे, चर्चच्या महिला मंडळातही आहे, म्हणून दोन्हीकडून लिहिते.

तो कॉलेज सोडून घरात बसलेला मुलगा. त्याच्यासाठी गटात हात ठेवून प्रार्थना जरूर करा, पण त्याला आधी डॉक्टरकडे न्या. जेवत नाही, झोपत नाही, अंघोळ करत नाही असं असेल तर तो आळस नाही आणि सैतानही नाही. टेलिमानस म्हणून सरकारची मोफत हेल्पलाइन २०२२पासून सुरू आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. गटाच्या पुढाऱ्याच्या फोनमध्ये हा नंबर हवा. चालू असलेल्या गोळ्या ‘विश्वासाने’ बंद करायला सांगणारा कोणी गटात असेल तर त्याला तिथेच थांबवा. असे रुग्ण आमच्याकडे परत येतात तेव्हा आधीपेक्षा वाईट अवस्थेत असतात.

दुसरं, गुप्ततेबद्दल. ‘गटातलं गटात’ हा नियम चांगला, पण त्याला एक अपवाद कायद्याने घातलाय. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं गटात कोणी बोललं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. ‘चर्चची अब्रू जाईल, आपसांत मिटवू’ हा मार्ग उरतच नाही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा, म्हणजे नंतर कोणी ‘विश्वासघात केला’ म्हणणार नाही. एखाद्या बाईच्या जिवाला घरात धोका आहे असं दिसलं तरी गप्प बसायचं नसतं. तिला विचारून पुढचं पाऊल उचलायचं.

---

पाळकीण

सगळं वाचलं. आता आमच्या घराची बाजू.

पाळकसाहेबांना छोट्या गटांची भीती वाटते, हे कोणी लिहिलं नाही. कारणही आहे. एखादा गट छान चालतो, पुढारी बोलायला हुशार असतो, दोन वर्षांनी तो वेगळा हॉल भाड्याने घेतो आणि रविवारची त्याची स्वतःची उपासना सुरू होते. मुंबईत शाळांच्या हॉलमध्ये भरणाऱ्या किती फेलोशिप अशाच जन्मल्या असतील! म्हणून मग पाळक प्रत्येक गटात जाऊन बसतात, आणि पाळक बसले की लोक उपदेश ऐकायला बसतात, बोलत नाहीत. यावर आमच्या मंडळीत एक उपाय लागू पडला. पुढारीपण वर्षाने बदलायचं, आणि पुढाऱ्यांची मिळून महिन्याची एक बैठक पाळकांबरोबर. तिथे कोणाची गुपितं नाहीत, फक्त ‘कोणाला भेट हवी आहे’ एवढंच.

आणि पाळकिणीने जायचं कुठे? मी ज्या गटात जाते तिथे मी सगळ्यांची आई. माझं पोर नापास झालं तेव्हा ते मी गटात बोलू शकले नाही, कारण रविवारी साहेब ‘मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवा’ यावर बोलणार होते. मग वेगवेगळ्या चर्चच्या आम्ही काही पाळकिणी जमलो. दादरला, एकीच्या बहिणीकडे. मंडळीतल्या कोणालाच माहीत नाही. तिसरी_पायरींचं ‘लांब’ मला म्हणूनच पटलं.

विधवांबद्दल: त्या दोघींना एकमेकींची ओळख करून द्या आणि बाजूला व्हा. चर्चमध्ये नवरा गेलेल्या बाईभोवती पंधरा दिवस गर्दी असते, मग एकदम कोणी नसतं. तिला वर्षश्राद्धासारखी आठवणीची उपासना नको असते. गॅसची नोंदणी नवऱ्याच्या नावावर, घराचे कागद नवऱ्याच्या नावावर, बँकेत नॉमिनी घातलेला नाही. ती कामं माहीत असलेली दुसरी विधवाच तिच्या उपयोगाची.

---

वेसलीचा_नातू

पाळकीणबाई, पुढारी दर वर्षी बदलायचा हे ऐकायला बरं वाटतं. पण आमच्याकडे तसं केलं आणि तिसऱ्या वर्षी पुढारी व्हायला कोणी तयारच होईना. माणूस तयार व्हायला वेळ लागतो. दोघांची जोडी ठेवा, त्यातला एकच बदला.

---

पाळकीण

हे मान्य. जोडीत एक बाई असावी एवढं मात्र माझ्याकडून धरा.

---

बाराची_लोकल

सगळ्यांचे आभार. कमिटीपुढे हे मांडणार आहे: ठाण्यापुढचा गट संगतीपुरताच ठेवायचा, पंधरवड्याने एकदा, शनिवारी संध्याकाळी, एकदा डोंबिवली एकदा कल्याण. चहा-बिस्किट. स्वतःचंच बोलायचं. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ आणि पत्ता सोडून काही टाकायचं नाही, प्रार्थना विनंतीसुद्धा नाही, कारण तिथूनच स्क्रीनशॉट फिरतात. नर्सबाईंचा अपवाद पहिल्या दिवशी वाचून दाखवायचा. पुढारी दोघं, त्यात एक बाई. आणि आधारगट चर्चने स्वतः काढायच्या भानगडीत पडायचं नाही. कुठे काय आहे त्याचे पत्ते आमच्याकडे असावेत आणि कोणीतरी पहिल्या दिवशी सोबत जावं.

एक अडचण उरतेच. बदलापूरची तीन घरं म्हणतात, रात्री नऊनंतर परतायचं म्हणजे बायकांना अवघड. त्यांना कल्याणला बोलावू की त्यांचा तिघांचाच गट करू?

---

गावठाण

तिघांचाच करा. दोघे किंवा तिघे जमले तरी पुरे असं खुद्द प्रभूच म्हणून गेलाय. महिन्यातून एकदा तुम्ही तिकडे जा.

---

सलाम_काका

आणि पेटी लागली तर सांगा. माझी पडून आहे, भाते दुरुस्त करून घ्यावे लागतील.